प्लॉट, वीजदर आणि रात्री बाराची बस

विजेचे दर वाढणार अशी कुणकुण लागली की कोल्हापुरात एक बातमी हमखास छापून येते. उद्योजक कर्नाटकात जाणार. मग बैठका होतात, निवेदनं दिली जातात, पालकमंत्री आश्वासन देतात, निपाणीपलीकडं किती एकर जमीन कोणत्या भावानं मिळते याची चर्चा रंगते. गेल्या पंधरा वर्षांत हा प्रकार आपण अनेकदा पाहिला. या चर्चेत कायम तीनच गोष्टी असतात: जमिनीचा भाव, विजेचा दर आणि सवलत. कारखाना कुठं उभा राहतो हे या तिन्हींवरच ठरतं, असं आपण जणू गृहीत धरलंय.

या तिन्हींचं महत्त्व मी नाकारत नाही. पण त्यांच्या आड एक चौथी गोष्ट कायम झाकली जाते. कारखान्यात काम करणारी माणसं त्या कारखान्याच्या आसपास कशी राहतात, तिथं कशी पोहोचतात, त्यांच्या मुलांची शाळा कुठं आहे, बायको आजारी पडली तर दवाखाना किती लांब आहे, नळाला पाणी किती दिवसांनी येतं. अशा साध्या सोयींवर उद्योगाची जागा ठरते, टिकते आणि कधीकधी सुटतेही. कोल्हापूरला हे कोणी शिकवायला नको. आपला सगळा औद्योगिक इतिहासच त्याची साक्ष देतो.

फाउंड्रीचंच, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याचंच घ्या. कोल्हापूर जिल्ह्यात लोखंडाच्या खाणी नाहीत, कोळसा नाही, बंदर तर नाहीच. पिग आयर्न म्हणजे कच्चं लोखंड बाहेरून येतं, भट्टीत जळणारा कोक बाहेरून येतो, तयार झालेल्या कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, मोठा हिस्सा पुणे, चाकण आणि परदेशात जातो. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थतज्ज्ञानं १९०९ मध्ये कारखान्यांच्या जागेबद्दल जो सिद्धांत मांडला, त्यात कच्च्या मालाची आणि पक्क्या मालाची वाहतूक हा पहिला हिशेब होता. नुसता तेवढाच हिशेब मांडला तर कोल्हापुरात फाउंड्री निघायलाच नको होती. तरी शेकडो निघाल्या, आणि आज देशातल्या कास्टिंगच्या प्रमुख केंद्रांत आपलं नाव घेतलं जातं. याचं उत्तर वेबरच्याच सिद्धांताच्या पुढच्या भागात आहे. कामगार कुठं मिळतात आणि एका धंद्याशेजारी दुसरा धंदा उभा राहिल्यानं काय फायदा होतो, हे दोन मुद्दे त्यानंही धरले होते.

आपल्याकडं हे घडलं कसं? १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि गुळाला बाजार मिळाला. १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली. १९०९ च्या सुमारास राधानगरी धरणाचं काम सुरू झालं. पाणी आलं तसा ऊस वाढला, ऊस वाढला तशी गुऱ्हाळं वाढली, गुऱ्हाळांना चरक लागले, विहिरींना आणि नदीकाठाला इंजिनं लागली. इंजिन म्हटलं की ते बिघडणारच, आणि बिघडलेलं इंजिन घेऊन शेतकरी मुंबईला जाणार नव्हता. इथल्या मिस्त्रींनी ते उघडलं, भाग काढला, तसाच भाग ओतला, घासला, बसवला. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार अशी नावं आजही उद्यमनगर या शहरातल्या कारखान्यांच्या वस्तीत आदरानं घेतली जातात ती यासाठीच. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा इथंच बनवला, तोही याच मिस्त्रीपणाच्या हवेत.

आता नीट पाहिलं तर या यादीतली प्रत्येक गोष्ट एक सोय आहे. रेल्वे, बाजारपेठ, धरण, आणि १९०१ पासून उभी राहिलेली विद्यार्थ्यांची वसतिगृहं. संस्थानानं कारखानदाराला थेट पैसे दिले असतील, नसतील. पण गाव राहण्याजोगं आणि धंदा करण्याजोगं केलं. उद्योग त्यामागून आला.

शेजारचं उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा नगरविस्तारासाठी सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. निवडुंग आणि सापांचा तो माळ होता. फुकट मिळाला तरी कोणी घेऊ नये असा. पण तिथं रेल्वे स्टेशन होतं, आणि बाकीचं किर्लोस्करांनी उभं केलं. कारखान्याबरोबर घरं बांधली, पाणी आणलं, शाळा काढली. कारण लक्ष्मणरावांना पुरतं ठाऊक होतं की उजाड माळावर यंत्र आणता येतं, कसबी माणूस मात्र बायकापोरांना घेऊन तिथं यायला तयार व्हावा लागतो. इचलकरंजीतही १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हा जहागीरदार घोरपडे पाठीशी होते. गावाच्या धन्याला गावात धंदा हवा होता म्हणून त्यानं गाव तयार ठेवलं.

उलटं उदाहरणही आपल्याच घरात आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. कलावंत इथले, तंत्रज्ञ इथले. कोल्हापूर त्यांचं मायघर होतं आणि तरीही त्यांनी बिऱ्हाड हलवलं. नुसतं प्रेम असून उद्योग थांबत नाही.

कोल्हापुरात उद्योग टिकून का आहे हे पाहायचं असेल तर एखाद्या सकाळी शिवाजी उद्यमनगरात उभं राहावं. समजा एखाद्या पंपाच्या बेअरिंग हाउसिंगचा नवा जॉब आलाय. ड्रॉइंग घेऊन माणूस पॅटर्नवाल्याकडं जातो. पॅटर्नवाला सागवानाचा किंवा अॅल्युमिनियमचा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा काढतात तो नमुना, करतो. लोखंड थंड होताना आकसतं त्यासाठी सूट किती ठेवायची हे त्याला तोंडपाठ असतं, तरी तो फाउंड्रीवाल्याला फोन करून त्याच्या वाळूबद्दल विचारतो. पॅटर्न टेम्पोत पडून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत जातो. मोल्डिंग होतं म्हणजे साचा तयार होतो, आतली पोकळ जागा राखणारा कोअर बसतो, भट्टीचं तोंड उघडतं, ओतकाम होतं. थंड झालेलं कास्टिंग फेटलिंगला, म्हणजे साफसफाईला, जातं आणि तिथून मशीनशॉपला. लेथवर घेताना आत पोकळी सापडली तर मशीनशॉपवाला कास्टिंग स्कूटरच्या पायरीवर ठेवून थेट फाउंड्रीत जातो, “बघा मालक, हे काय झालंय” म्हणतो, आणि दोघं मिळून गेटिंग, म्हणजे साच्यात लोखंड शिरण्याची वाट, कुठं बदलायची ते तिथंच ठरवतात. दुपारपर्यंत दुसरा साचा तयार असतो. हा सगळा प्रवास काही किलोमीटरचा आहे. हाच जॉब तुम्ही निपाणीपलीकडच्या एखाद्या मोकळ्या प्लॉटवर नेला तर जमीन स्वस्त पडेल, वीजही कदाचित स्वस्त पडेल, पण ती पोकळी दुरुस्त करायला चार दिवस लागतील.

म्हणूनच इतके इशारे देऊनही बहुतेक कारखाने इथंच राहिले. इशारे खोटे होते असं मी म्हणणार नाही. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते. म्हणजे युनिटमागं एक रुपयाचा फरक पडला तरी नुसत्या वितळणीत टनामागं सहाशे रुपये जातात. वाहन कंपन्या दरवर्षी किंमत कमी करा म्हणून मागं लागत असताना हे ओझं खरंच जड आहे. विजेच्या दराविरुद्ध उद्योजकांनी ओरड केली तर ती रास्तच आहे. पण माणसं, मिस्त्री, पॅटर्नवाले आणि शेजारधर्म यांच्या बळावर ते इथं टिकलेत हेही तितकंच खरं, आणि हे बळ आपण गृहीत धरलंय. ते आटू शकतं.

आटण्याची सुरुवात कुठून होते ते सांगतो.

शाहू महाराजांच्या काळचा उद्योग शहराच्या कुशीत होता. शिवाजी उद्यमनगरही शहरातच. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झालं आणि पुढं शिरोली, मग गोकुळ शिरगाव, मग कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत असा उद्योग शहराबाहेर सरकत गेला. ते योग्यच होतं, भट्टीचा धूर आणि ट्रकची वर्दळ दाट वस्तीत नको. पण उद्योग बाहेर गेला, सोयी आतच राहिल्या. कोल्हापूर महानगरपालिका १९७२ मध्ये झाली, तेव्हापासून तिची हद्द एक इंचानं वाढलेली नाही. ६६.८२ चौरस किलोमीटर म्हणजे ६६.८२. औद्योगिक वसाहती ग्रामपंचायतींच्या हद्दीत, कामगार कोणत्या तरी तिसऱ्याच गावात, आणि दवाखाना, कॉलेज, नाट्यगृह, बाजार शहरात. प्रत्येक गोष्ट आहे, फक्त एकमेकींपासून तुटलेली आहे.

शिरोलीच्या फाट्यावर सकाळी पहिल्या पाळीच्या वेळी दिसणारं चित्र पाहा. दुचाकींची रांग, एका गाडीवर तिघं, हँडलला डब्याची पिशवी. महामार्गाच्या सहापदरीकरणाचं काम रेंगाळलेलं, वळणरस्ते रोज बदलणारे, मधूनच कंटेनर. अपघात झाला तर वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी. दुसरी पाळी मध्यरात्री सुटते तेव्हा हीच माणसं अंधारातून परत निघतात. एका फाउंड्रीत साचे करणाऱ्या मोल्डरला मी एकदा विचारलं, पगार जास्त मिळत असताना दुसरी पाळी का नको म्हणतोस. तो म्हणाला, “पगार बराय हो, पर राच्च्याला घरला जायाचं कशानं? गाडी पंक्चर झाली तर वाठारापतोर ढकलत न्यायाची?” त्याच्या या एका वाक्यात कारखान्याची उत्पादनक्षमता अडकलेली आहे. दुसऱ्या पाळीला माणूस मिळत नाही म्हणून कितीतरी मशिनं संध्याकाळनंतर बंद असतात. कोट्यवधींचं मशीन बसची सोय नाही म्हणून थांबतं.

आता त्याचा खिसा पाहा. समजा तो रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर गाडी चालवतो. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर हजाराच्या वर किलोमीटर होतात. लिटरला पन्नास किलोमीटर मिळालं तरी वीस लिटरपेक्षा जास्त पेट्रोल. शंभरीपार गेलेल्या दरानं हे दोन हजारांच्या पुढं जातं, गाडीचा हप्ता आणि दुरुस्ती वेगळीच. कारखानदार म्हणतो, एवढा पगार देतो तरी माणूस टिकत नाही. कामगार म्हणतो, एवढा पगार हातात पडतच नाही. दोघांचंही खरं आहे. मधला पैसा सोय नसल्यानं जळतो.

अर्थशास्त्रात हे गणित बरंच आधी मांडलं गेलंय. जेनिफर रोबॅक या अमेरिकन अर्थतज्ज्ञ महिलेनं १९८२ मध्ये दाखवलं की एखाद्या ठिकाणच्या सोयी-गैरसोयींची किंमत मजुरीत आणि जागेच्या भाड्यात उतरते. राहायला चांगल्या गावात माणूस थोड्या कमी पगारावरही खुशीनं राहतो, पण तिथली भाडी वाढतात. राहायला वाईट ठिकाणी मालकाला जास्त पगार द्यावा लागतो, नाहीतर माणूस टिकत नाही. आपल्याकडं हे इंग्रजीतलं कोष्टक न वाचताही घडतंय. शिरोली, नागाव, टोप, शिये या गावांत परप्रांतीय कामगारांच्या खोल्या पाहा. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंडमधून आलेली मुलं एका खोलीत पाच-सहा राहतात. चाळीला एक-दोन संडास. भट्टीवरचं, फेटलिंगचं, वाळूतलं सगळ्यात कष्टाचं काम आज त्यांच्या खांद्यावर आहे. २०२० च्या टाळेबंदीत ती श्रमिक रेल्वेनं आपापल्या गावी गेली, तेव्हा कोल्हापूरच्या कितीतरी फाउंड्र्यांचं कंबरडं मोडलं. मालकांनी नंतर स्वतःच्या खर्चानं त्यांना परत आणलं. तेव्हा सगळे म्हणत होते, कामगारांच्या निवाऱ्याचं काहीतरी केलं पाहिजे. साथ ओसरली आणि विषयही ओसरला.

मला याची खंत वाटते, कारण विद्यार्थ्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न याच शहरानं शंभर वर्षांपूर्वी सोडवला होता. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरू झालेली वसतिगृहांची मालिका ही कोल्हापूरची देशाला दिलेली देणगी आहे. खेड्यातल्या पोराला शहरात डोकं टेकायला जागा नसेल तर शाळा असून उपयोग नाही, हे महाराजांनी ओळखलं. जातीजातींना हाक मारून, जागा देऊन, अनुदान देऊन त्यांनी ती उभी केली. तोच विचार कामगाराला लावायला काय हरकत आहे? औद्योगिक वसाहतीच्या दारात, स्वच्छ, परवडणारं, खानावळ असलेलं कामगार वसतिगृह. कारखानदारांच्या संघटनांनी भांडवलाचा काही भाग उचलावा, एमआयडीसीनं जागा द्यावी, शासनानं उरलेला भार घ्यावा. वसाहतीत पेट्रोल पंपाला, बँकेला, हॉटेलला जागा राखता येते तर याला का नाही?

स्त्रियांचा प्रश्न तर याहून गंभीर, आणि उद्योगाच्या दृष्टीनं याहून मोठ्या फायद्याचा. कागलच्या पंचतारांकित वसाहतीत कापड आणि इंजिनिअरिंगचे मोठे कारखाने आहेत. आसपासच्या तळंदगे, कसबा सांगाव, हुपरी, रेंदाळ या गावांत बारावी, आयटीआय, डिप्लोमा झालेल्या मुली आहेत. हुपरीच्या चांदीकामात तर बायकांचा हात पिढ्यान्‌पिढ्या बारीक कामाला सरावलेला आहे. सीएनसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, तपासणी विभागात, जुळणीत त्या उत्तम काम करतील. पण बाप विचारतो, येणार कशी आणि जाणार कशी. फॅक्टरी अॅक्ट १९४८ चा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत त्यात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर आणि अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर उपाहारगृह बंधनकारक होतं. कोल्हापूरच्या बहुतेक कारखान्यांत माणसं याहून कितीतरी कमी, म्हणून या अटी त्यांना लागूच होत नव्हत्या. वीस-वीस बायकांचे दहा कारखाने शेजारीशेजारी असले तरी दोनशे बायकांसाठी एकही पाळणाघर नाही, अशी परिस्थिती कायद्याच्या चौकटीत राहून निर्माण झाली. दहा कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवावं, हे सुचायला फार मोठी बुद्धी लागत नाही. इच्छा लागते.

आता जरा वरच्या पायरीकडं येऊ. मोठा कारखाना एखाद्या गावात येतो तेव्हा सोबत डिझाइन इंजिनिअर, गुणवत्ता विभागाचे लोक, व्यवस्थापक येतात. चाकणला वाहन उद्योग बहरला त्यात जमीन आणि महामार्गाचा वाटा आहेच, पण ही माणसं पुण्यात राहू शकत होती हा वाटाही तेवढाच मोठा. माझ्या परिचयातल्या एका कारखानदारांनी पुण्याच्या एका हुशार इंजिनिअरला चांगल्या पगारावर बोलावलं. मुलाखत उत्तम झाली. दोन दिवसांनी तो घरच्यांना घेऊन आला, गाव दाखवायला. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळा झाला, तांबडा-पांढरा झाला, सगळ्यांना गाव आवडलं. मग त्याच्या पत्नीनं विचारलं, तिच्या क्षेत्रातली नोकरी इथं मिळेल का. ती सॉफ्टवेअरमध्ये होती. कारखानदार गप्प बसले. तो इंजिनिअर आला नाही. आज शिकलेल्या घरात दोघांच्याही नोकऱ्या असतात, आणि एका नोकरीचं गाव त्यांच्या उपयोगाचं नाही. आपल्याच पोरांचंही हेच झालंय. केआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजातून, शिवाजी विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेली मुलं पुण्याला जातात आणि सणाला येतात.

या बाबतीत अलीकडं काही चांगलं घडलं आहे ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. उजळाईवाडीच्या विमानतळावरून २०१८ पासून विमानं पुन्हा उडू लागली, २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली. पुण्याला जाणारी वंदे भारत आली. अनेक दशकांच्या लढ्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. परदेशी खरेदीदाराचा माणूस फाउंड्रीच्या तपासणीला एका दिवसात येऊन जाऊ शकतो की त्याला दोन रात्री घालवाव्या लागतात, यावर ऑर्डर अडते, हे निर्यात करणारा कोणीही सांगेल. म्हणून विमानतळाला मी चैन म्हणणार नाही. पण विमानतळासाठी जितकी ताकद लागली त्याच्या दहाव्या हिश्श्यानं मध्यरात्रीची बस सुरू झाली असती, आणि ती सुरू झालेली नाही, हेही दिसतं.

गैरसोय कशी उद्योगालाच उलटून खाते याचं सर्वांत दुःखद उदाहरण इचलकरंजी आहे. लाखो मीटर कापड विणणारं हे शहर. पंचगंगेत शहरांचं सांडपाणी गेलं, प्रोसेसिंगचं रसायन गेलं, आणि २०१२ मध्ये काविळीच्या साथीनं तिथं बळी घेतले. मग वारणेचं पाणी आणायचं ठरलं तर दानोळीनं विरोध केला, दूधगंगेचं सुळकूडहून आणायचं ठरलं तर कागलकरांनी. गावकऱ्यांची भीती मी समजू शकतो. आपल्या वाट्याचं पाणी शहराला गेलं आणि शहरानं आपल्या नदीत घाण सोडली, हा त्यांचा अनुभव आहे. पण परिणाम काय झाला? यंत्रमाग कामगाराच्या घरी कित्येक दिवसांनी एकदा नळाला पाणी येतं, आणि त्या दिवशी तो किंवा त्याची बायको पाण्यासाठी घरी थांबते. मागाचा एक खाडा पाण्यापायी पडतो. ज्या शहरात प्यायचं पाणी भरवशाचं नाही, तिथं कोणता नवा गारमेंट कारखानदार दोन हजार माणसांची वसाहत उभारेल? कोल्हापूर शहराचीही थेट पाइपलाइन वर्षानुवर्षं लांबली आणि काळम्मावाडीचं पाणी शहरात पोहोचायला २०२३ उजाडलं.

पुराचंही तेच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, ट्रकच्या रांगा लागल्या, माल तयार असूनही निघाला नाही. चाकणच्या असेंब्ली लाइनला कोल्हापूरचं कास्टिंग वेळेवर मिळालं नाही की खरेदी विभागाचा माणूस दुसरा पुरवठादार शोधून ठेवतो. पूर ओसरतो, तो दुसरा पुरवठादार राहतो. महामार्गाची उंची, पुलाखालची पाण्याला वाट आणि नदीपात्रातला भराव हे विषय म्हणूनच शेतकऱ्याइतकेच कारखानदाराचेही आहेत.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. सोयी वाढल्या की भाडी वाढतात, जमिनी महागतात, आणि ज्याच्यासाठी सोय केली तो कामगारच आणखी लांब ढकलला जातो. रोबॅकचं गणितही हेच सांगतं. पुण्यात हे झालंय. म्हणून माझा आग्रह आहे की सोयींचा क्रम खालून लावावा. आधी बस, संडास, वसतिगृह, पाळणाघर, प्रथमोपचार आणि रात्री उघडा असलेला दवाखाना. मॉल आणि मल्टिप्लेक्स आपोआप येतात, त्यांना कोणाच्या आग्रहाची गरज नसते. आणि घरबांधणी आधी वा सोबत करावी, भाडी भडकल्यावर नव्हे.

दुसरा आक्षेप पैशाचा. कोण देणार? ग्रामपंचायत म्हणते आम्ही लहान. एमआयडीसी म्हणते आम्ही वसाहतीच्या आतल्या रस्त्यांपुरते. महापालिका म्हणते हद्दीबाहेर आमचा अधिकार नाही. हद्दवाढीचा वाद पन्नास वर्षं चाललाय, शहर हवी म्हणतं आणि गावं नको म्हणतात. २०१७ मध्ये मधला मार्ग म्हणून ४२ गावांसाठी प्राधिकरण झालं, पण त्याला निधी आणि माणसं पुरेशी नाहीत ही तक्रार गावांतून सतत ऐकू येते. माझं मत स्पष्ट आहे. हद्दवाढ व्हावी की नाही यावर भांडत राहा, पण बस आणि पाणी त्या भांडणाला बांधून ठेवू नका. केएमटी, म्हणजे महापालिकेची बस, हद्दीबाहेरच्या गावांत आजही जाते. हद्द न बदलता बस धावू शकते, तर वसतिगृहही उभं राहू शकतं.

गडहिंग्लज, आजरा, हलकर्णी इथंही औद्योगिक वसाहती आहेत. जमीन आहे, हवा चांगली, पाऊसपाणी भरपूर. शिरोलीची गजबज मात्र तिथं कधी आली नाही. १९६४ पासून राज्य शासन मागास भागाला सवलतींचं पॅकेज देत आलंय. सवलतीमुळं कारखाना येण्याचा विचार करतो हे खरं, पण चंदगडचा तरुण आजही कामासाठी बेळगावची एसटी पकडतो. शासनाला माझी विनंती आहे, तिथल्या पुढच्या पॅकेजमधला थोडा भाग कारखानदाराच्या खात्यात न टाकता त्या तालुक्याच्या रुग्णालयात, आयटीआयमध्ये आणि रस्त्यात टाकून पाहा.

कोल्हापूरकर लढत नाहीत असं कोणी म्हणू शकणार नाही. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्या पाठीशी उभं राहून या शहरानं टोल घालवला, २०१५ मध्ये शासनाला तो रद्द करावा लागला. सर्किट बेंचसाठी वकिलांनी आयुष्यं घातली. वीजदरासाठी उद्योजक रस्त्यावर उतरतात. पण दुसऱ्या पाळीच्या कामगारासाठी बस मागणारा मोर्चा माझ्या पाहण्यात नाही. कारखानदारांच्या संघटनांनी तो विषय आपला मानला नाही, कारण कामगार कसा येतो हा त्याचा खासगी प्रश्न समजला गेला. कामगार संघटनांनी बोनसवर जोर दिला. राजकारण्यांना रात्री बारा वाजता मतदार भेटत नाहीत.

तेव्हा सुरुवात एकाच ठिकाणाहून करावी, आणि ते ठिकाण शिरोली असावं. तिथं कारखाने दाटीनं आहेत, पाळ्यांच्या वेळा जवळपास सारख्या आहेत, आणि संघटना कामाची आहे. संघटनेनं कारखान्यानिहाय कामगारांच्या गावांची यादी करावी. हजेरीपटावर पत्ते असतात, काम आठवड्याचं आहे. त्यातून चार-पाच मार्ग आपोआप दिसतील: वडगावकडं, कोडोलीकडं, वडणगे-निगवेकडं, शहरातून कळंब्याकडं. केएमटी किंवा एसटीनं सकाळी साडेसहाला आणि रात्री सव्वाबाराला त्या मार्गांवर गाडी सोडावी. तिकिटातून न भागणारी रक्कम पहिले सहा महिने कारखान्यांनी कामगारसंख्येप्रमाणं वाटून घ्यावी. दुसऱ्या पाळीत वाढलेल्या हजेरीच्या बदल्यात ती महाग पडणार नाही. थांब्यावर दिवा असावा आणि बायकांसाठी पुढची आसनं राखीव असावीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक होते, तिच्या कार्यपत्रिकेवर वीज आणि खड्ड्यांच्या सोबत हा एक विषय घालावा, आणि त्या बैठकीला एक मोल्डर आणि तपासणी विभागातली एक मुलगी यांनाही बोलवावं.